गाणे पाहावे कसे?

आताशा कुणी ‘ते नवे गाणे ऐकलेत का?’ असे विचारीत नाही. ‘पाहिलेत का?’ असे विचारतात. सकाळच्या वेळी पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या गाडीत बसून पाहा (बसायला मिळाले तर!). तारापूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेली मंडळी, महाविद्यालयात निघालेली मुले, मासळीच्या रिकाम्या टोपल्या पायांशी घेऊन बसलेल्या बाया, सगळ्यांच्या माना खाली आणि डोळे तळहातावरच्या काचेवर. उमरोळी येईपर्यंत प्रत्येकाची तीन गाणी होतात आणि बोईसर येईपर्यंत सात. हिशेब जुळतो, कारण त्यांतले एकही गाणे शेवटपर्यंत पाहिले जात नाही.

भाषेच्या मास्तराला यात एक निराळीच गंमत दिसते. ‘गाणे’ हे पिढ्यान्‌पिढ्या ‘ऐकणे’ या क्रियापदाचे कर्म होते. वीसपंचवीस वर्षांत ते गुपचूप ‘पाहणे’ या क्रियापदाच्या घरी नांदायला गेले आणि माहेरी कुणी हाकाटीसुद्धा केली नाही. पण ज्या गोष्टीत आपली मुले रोजचे तास-दीडतास घालवतात, ती पाहावी कशी, हे त्यांना कुणी शिकवीत नाही. कवितेचे रसग्रहण आम्ही शिकवतो, यमक कुठे आहे आणि अनुप्रास कुठे आहे ते खडूने फळ्यावर काढून दाखवतो. आणि जी कविता मुले दिवसभर डोळ्यांनी गिळतात, तिचे वृत्त कोणते, अलंकार कोणते, याविषयी मात्र आमची आळीमिळी गुपचिळी. एरवी या सदराच्या वाट्याला एक पानही धड येत नाही. दिवाळीत संपादक हात जरा सैल सोडतात, म्हणून म्हटले, आज एक गाण्याची चित्रफीत घ्यावी आणि तिची शिवण उसवून पाहावी.

उदाहरण मुद्दामच घरच्या जवळचे घेतो. घरचे म्हणजे किती? गाणे इंग्रजी, गाणारा विलायतेतला. पण चित्रीकरण मात्र आपल्या जिल्ह्यातले. ‘कोल्डप्ले’ या वाद्यवृंदाचे ‘हिम फॉर द वीकेंड’ हे गाणे. २०१५ च्या ऑक्टोबरात त्याचे चित्रीकरण भारतात झाले आणि २९ जानेवारी २०१६ रोजी ते जगापुढे आले. दिग्दर्शक बेन मोर. त्यातला काही भाग वरळीच्या कोळीवाड्यात घेतला आहे आणि काही वसईच्या किल्ल्यात. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून आपल्या पालघर जिल्ह्यात आहे, हे वाचकांना सांगायला नकोच. आजवर शंभर कोटींहून अधिक वेळा हे गाणे पाहिले गेले आहे. म्हणजे पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे सांभाळलेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकून घेतलेला हा किल्ला जगातल्या कोट्यवधी लोकांनी पाहिला. पण त्यांतल्या किती जणांना आपण वसई पाहिली हे ठाऊक असेल? कुणालाच नसणार. तशीच त्याची रचना आहे, आणि ती रचनाच आज पाहायची आहे.

गाण्यात काय काय दिसते? रंग उधळणारी पोरे, देवादिकांची सोंगे घेतलेली मुले, साधू, टॅक्सीतून शहर न्याहाळणारा गोरा गायक, जुन्या वळणाचे चित्रपटगृह, पडक्या दगडी भिंती. आता नीट विचार करा. चित्रीकरण ऑक्टोबरातले. ऑक्टोबरात आपल्याकडे भाताची कापणी आणि आकाशकंदिलांची खरेदी चालू असते. होळी फाल्गुनात. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर होळी खेळवून घेतली! यात फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. चित्रपट म्हणजे असलेच उद्योग. रामाच्या वनवासाचे रान स्टुडिओत कुंड्या मांडून आम्हीही केलेच की. पण पाहणाऱ्याने हे जाणून पाहावे, एवढेच.

पहिली युक्ती जोडण्याची. एका चित्रामागून दुसरे चित्र आले की आपले मन त्या दोघांना एका सुतात ओवते. माणूस वरळीच्या गल्लीतून वळला आणि पुढच्या चित्रात वसईच्या कमानीतून बाहेर पडला, तर आपल्याला वाटते, गल्लीच्या टोकालाच किल्ला आहे. मधली खाडी, मधली गाडी, मधला विरारचा जिना सगळे गायब. हे काही आजचे नाही. रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वी हा प्रयोग केला होता. मॉस्कोच्या रस्त्यांवर घेतलेल्या चित्रांना त्याने वॉशिंग्टनच्या व्हाइट हाऊसचे चित्र जोडले आणि पात्रे त्या प्रासादाच्या पायऱ्या चढली असा देखावा उभा केला. कात्रीने तयार केलेला हा भूगोल कोणत्याही नकाशात सापडत नाही. गाण्यात तर ही युक्ती हमखास यशस्वी होते, कारण मधल्या भेगा सुरांनी लिंपून टाकलेल्या असतात. नुसती चित्रे पाहिली तर डोळा अडखळेल; सूर अखंड चालू असला की डोळाही त्याच्यामागून मुकाट चालतो. आवाज बंद करून एखादे गाणे पाहा. दिवाळीच्या सुटीत घरातल्या मुलांबरोबर करायला हा फार चांगला खेळ आहे. पाच मिनिटांत मुलांना सांधे दिसू लागतात.

दुसरी युक्ती वेळेची, आणि ती मला सर्वांत सुंदर वाटते. रंगाची मूठ हवेत उधळली आणि तो रंग ढगासारखा सावकाश पसरत गेला, हे आपण नेहमी पाहतो. कॅमेरा सामान्यतः सेकंदाला २४ चित्रे घेतो आणि पडद्यावरही २४ च दाखवतो. सेकंदाला ४८ घेतली आणि २४ च्या गतीने दाखवली, तर एका सेकंदाची हालचाल दोन सेकंद चालते. इथवर सोपे आहे. पण रंग सावकाश उडतोय आणि गाणारा मात्र गाण्याबरोबर बिनचूक ओठ हलवतोय, हे कसे? तर चित्रीकरणाच्या जागी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात! चार सेकंदांची ओळ दोन सेकंदांत. गायकाने त्या वेगाने ओठ हलवायचे. समोर उभे राहून पाहणाऱ्याला ते मोठे हास्यास्पद दिसते. चिलटासारख्या आवाजात गाणे किणकिणत असते आणि चांगला धडधाकट माणूस तोंडाची टकळी चालवीत असतो. मग चित्र निम्म्या वेगाने दाखवले की ओठ जागेवर येतात आणि केस, पदर, धूळ, गुलाल ही सगळी मंडळी मात्र तरंगत राहतात. माणूस आपल्या काळात आणि सृष्टी तिच्या काळात. प्रेमात पडलेल्याला जग असेच दिसते म्हणतात. कवींनी ते शब्दांत सांगितले, यांनी ते यंत्राने केले.

याच वाद्यवृंदाच्या गायकाने, ख्रिस मार्टिनने, याच्याही पुढची कसरत २००२ साली ‘द सायंटिस्ट’ या गाण्यासाठी केली होती. त्या चित्रफितीत सारे जग उलटे चालते, गायकाचे ओठ मात्र सुलटे गातात. त्यासाठी त्याने अख्खे गाणे उलटे म्हणायला पाठ केले. आमच्या जुन्या वेदपाठकांनी ऐकले असते तर ‘जटा, घन पाठ केलेत, आता हाही करा’ म्हणून पाठ थोपटली असती!

तिसरी युक्ती अनुपस्थितीची. या गाण्यात बियॉन्से ही अमेरिकेची अतिशय मोठी गायिका आहे. ती दिसते कुठे? चित्रपटगृहाच्या पडद्यावर, भित्तिपत्रकांवर. ती चित्रपटातली नटी आणि गायक तिचा प्रेक्षक, अशी कल्पना केलेली आहे. दोघे खांद्याला खांदा लावून एका चित्रात येत नाहीत. काटकसर आणि कल्पकता या दोन सवतींना एका घरात सुखाने नांदवावे ते चित्रपटवाल्यांनीच. आपली सोनम कपूरही यात आहे. पण पापणी लवण्याच्या आत तिचे काम संपते. त्यावरून तेव्हा बरीच थट्टा झाली. साधू, देवांची सोंगे, गरीब गल्ल्या एवढाच का भारत, असे म्हणून वादंगही पुष्कळ झाले.

त्या वादात मी फारसा रमलो नाही. परक्याने आपल्याकडे पाहताना रंगच आधी पाहावेत यात नवल कसले? मला खटकले ते दुसरेच. त्या सव्वाचार मिनिटांत कोणतेच चित्र दोन-तीन क्षणांपेक्षा जास्त टिकत नाही. एखादे पोर कॅमेऱ्याकडे पाहून हसते. त्याचे हसणे आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच कात्री येते. गायकाकडे मात्र पुन्हा पुन्हा परत यायचे असते, म्हणून त्याचा चेहरा आपल्याला ओळखीचा होतो आणि बाकीचे सगळे त्याच्या मागचा पडदा होतात. कुणाकडे किती वेळ पाहायचे हे संकलक ठरवतो, आणि गाण्यात कोण माणूस आणि कोण देखावा, हे त्यावरूनच ठरते.

हे केवळ गोऱ्यांचे पाप नव्हे हो. आमच्या हिंदी चित्रपटांनी कोळ्यांचे काय केले? सातपाटीच्या बंदरावर पहाटे जाऊन या. बर्फ, जाळी, डिझेलचा वास, सरंग्याच्या भावावरून चाललेली घासाघीस. आणि मग पडद्यावरचा कोळी पाहा! आदिवासींची गोष्ट तर बोलायलाच नको. अंगाला काळा रंग, डोक्याला पिसे, हातात भाले, मध्ये जाळ आणि भोवती कसल्याही अर्थाशिवाय ओरडणारी माणसे. पन्नाससाठ वर्षे हा प्रकार चालला. डहाणू-जव्हार मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पण तिथवर येऊन नाच पाहावा असे कितीकांना वाटले?

थोडे मागे जाऊ. आपल्याकडे बोलपट आला तेव्हा नटाला कॅमेऱ्यासमोर खरोखरच गावे लागे. १९३२ सालच्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते आणि संगीतही त्यांचेच होते. त्या काळी वादकांना झाडाआड, पडद्याआड दडवावे लागे आणि ध्वनिग्राहक डोक्यावर लोंबकळत असे. नट हलला की आवाज हलला, म्हणून नट जागीच उभा आणि कॅमेराही उभा. १९३५ साली कलकत्त्यात न्यू थिएटर्सच्या नितीन बोस यांनी ‘भाग्यचक्र’ या बंगाली चित्रपटात आणि त्याच्या ‘धूप छाँव’ या हिंदी रूपात गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर अभिनय करवून घेतला. पार्श्वगायन आले आणि कॅमेऱ्याला पाय फुटले. डोंगरावर जा, नावेत बसा, धावा, पळा. सूर काही तुटत नाही. तिथून जो प्रवास सुरू झाला तो १९९८ साली मणिरत्नम यांच्या ‘दिल से’मध्ये थेट निलगिरीच्या चालत्या आगगाडीच्या टपावर जाऊन पोहोचला. मधल्या वाटेवर १९५९ सालचे ‘कागज के फूल’ लागते. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी दिव्यांनी केलेला नाही, आरशांनी बाहेरचे ऊन आत आणून केलेला आहे. त्या गाण्यात नायक-नायिका जवळजवळ काहीच करीत नाहीत. कात्रीलाही घाई नाही. आजच्या मुलांना मी ते दाखवतो तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात चुळबुळ होते, आणि मग वर्ग शांत होतो.

आणि १९८८ सालचे ते दूरदर्शनवरचे राष्ट्रीय एकात्मतेचे गाणे? पंधरा ऑगस्टला पहिल्यांदा लागले ते. भीमसेन जोशी धबधब्यापाशी सूर लावतात, बालमुरलीकृष्ण समुद्राकाठी, मग हत्तीवरचा माहूत, कलकत्त्याची भुयारी गाडी, आणि शेवटी लताबाई. संगीताला मराठी हात अशोक पत्की यांचा. तेही तुकड्यातुकड्यांचेच आहे, गावे त्यातही क्षणात बदलतात. मग ते परके का वाटत नाही? मला वाटते, याचे कारण असे की त्यात प्रत्येक प्रांताच्या वाट्याला त्याची स्वतःची भाषा आली आहे. माणूस दोनच क्षण दिसला तरी त्या दोन क्षणांत तो आपल्या बोलीत बोलून जातो. मुका उभा राहत नाही.

एकच चाल आणि दोन चित्रे असा योग क्वचित येतो. रसग्रहण शिकवणाऱ्याला याहून मोठी पर्वणी नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला, म्हणजे वरच्या इंग्रजी गाण्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी. संगीत अजय-अतुल यांचे, आणि त्यातला वाद्यमेळ त्यांनी थेट हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहात तिथल्या वादकांकडून वाजवून घेतलेला. तेव्हा ‘सूर परका, चित्र देशी’ हा प्रकार इथेही आहेच! पण चित्र करमाळ्याचे आहे आणि दिग्दर्शकही त्याच मातीतला आहे. ‘झिंगाट’ आठवा. नाचणाऱ्यांत कुणाचा हात वर, कुणाचा पाय वाकडा, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही. वरातीत जुळते का? सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा त्या गर्दीत धक्के खात फिरतो. दोन वर्षांनी, २०१८ साली ‘धडक’ या हिंदी अवतारात हीच चाल उदयपूरच्या पार्श्वभूमीवर आली. तोच ठेका, तेच संगीतकार. पण नाच ओळीत बसवलेला, कपडे इस्त्रीचे, दिवे जागच्या जागी. वर्गात दोन्ही एकापाठोपाठ दाखवली. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पहिल्यात आम्ही नाचलो असतो. दुसऱ्यात आम्ही खुर्च्यांवर बसलो असतो.” यापुढे मी काय शिकवणार?

आता या साऱ्या युक्त्या प्रत्येक पोराच्या खिशात आल्या आहेत. वेग कमी करायचा, रंग पिवळसर करायचा, ठेक्यावर चित्र कापायचे, ही कामे एकेकाळी मोठमोठ्या स्टुडिओंत तालीम घेतलेले लोक करीत. आता बोईसरच्या चाळीत, जेवण होईपर्यंत, एका बोटाने होतात. आमच्याकडच्या तीन विद्यार्थ्यांची हकिगत त्यामुळेच सांगतो. एक मुलगा खानदेशातला. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. संकलनात तो वाकबगार. दुसरा किनाऱ्याकडचा. तिसरी वारली मुलगी, डहाणूच्या पूर्वेच्या एका पाड्यावरची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी तीन मिनिटांची चित्रफीत करायची होती, आणि तिघांनी तारपा नाच घेतला.

तारपा वाचकांनी चित्रात तरी पाहिलेला असेलच. वाळवलेला दुध्या भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांचे ते वाद्य. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. गालांत हवा भरून ठेवून नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर अखंड चालतो. भाताच्या कापणीच्या दिवसांत, वाघबारसेच्या आगेमागे, त्याचा आवाज पाड्यापाड्यांवरून येऊ लागतो. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती साखळीने फिरतात आणि तारप्याकडे पाठ करीत नाहीत. वारली चित्रातला तो सुप्रसिद्ध वेटोळा म्हणजे हाच नाच. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांनी, गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहून, तो जगभर नेला. २०१८ साली ते गेले. त्या चित्राकडे एकदा चित्रपटवाल्याच्या डोळ्याने पाहा. वेटोळा दिसतो तो वरून, आकाशातून पाहिल्यासारखा. पण त्यातला एकेक माणूस दिसतो तो बाजूने, आपण त्याच्या शेजारी उभे असल्यासारखा. अमेरिकेत बझबी बर्कलीने १९३० च्या दशकात छताकडून कॅमेरा रोखून नर्तकींची फुले, चक्रे काढून दाखवली, त्याचे केवढे कौतुक झाले. त्यात चक्र दिसते, पण नर्तकी म्हणजे नुसत्या पाकळ्या. वारली चित्रकाराने दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उभे राहून दाखवले. हे कोणत्याही कॅमेऱ्याला जमणारे नाही.

आमच्या मुलांना अर्थातच ड्रोनचा मोह झाला. अणुवीज केंद्राच्या परिसरात त्याचे नावही काढायची सोय नाही, पण पाडा तिथून दूर होता. तरी भाडे परवडेना, तेव्हा तो बेत बारगळला. एक मोबाइल तिकाटण्यावर लावून ठेवला. तो चाळीस मिनिटे एकाच जागेवरून सगळे टिपत राहिला. दुसरा हातात घेऊन मुले साखळीभोवती फिरली. आठ दिवसांनी खानदेशच्या पोराने पहिली जुळणी दाखवली. बघत राहावी अशी झाली होती! तारप्याचा एक सलग सूर खाली, आणि वर ठेक्याठेक्यावर चित्रे: फुगलेला गाल, मातीवर आपटणारी टाच, बांगडी, धूळ, हसणारे दात, सावली. कुठेही एक पाऊल चुकलेले नाही.

मुलगी गप्प होती. विचारले तर म्हणाली, “सर, हे पाय या चालीचे नाहीत.”

आम्हाला काही बोध होईना. मग तिने समजावून दिले. तारप्याच्या चाली निरनिराळ्या. चाल बदलली की पाऊल बदलते. पण लगेच नाही. वाजवणारा चाल बदलतो, साखळीच्या टोकाला खुळखुळणारी काठी घेतलेला पुढारी ती ओळखतो, काठी आपटतो, आणि मग ते पाऊल साखळीतून मागे मागे सरकत जाते. शेवटची लहान पोर पाऊल बदलीपर्यंत दोन-तीन ठेके जातात. याने चाळीस मिनिटांतून उचललेली पावले एकाच चालीवर बसवली होती आणि प्रत्येक पाऊल नेमके ठेक्यावर कापले होते. “आमच्यात कुणीच इतकं बरोबर नाचत नाही,” ती म्हणाली. “आणि माझी आजी कुठंय? फक्त टाच दिसली तिची.”

पोरगा चिडला. त्याने आठ रात्री जागून काम केले होते. “परीक्षकांना कुठे कळणार आहे?” त्याचा हा प्रश्न खोटा नव्हता. पाहणाऱ्या शंभरांत नव्व्याण्णवांना ते कळण्याजोगे नव्हतेच. आणि तीन मिनिटांत बसवायचे तर कात्री लावायलाच हवी, हेही खरे. वसईच्या किल्ल्याला विलायती संकलकाने जे केले, तेच हा पोरगा शेजारच्या पाड्याला करीत होता. दुष्टाव्याने अजिबात नव्हे. सुंदर दिसावे म्हणूनच. पण इथे शंभरावा प्रेक्षक त्याच्याच बाकावर बसला होता.

मी मध्ये पडलो नाही. चार दिवस तिघांचे बोलणे बंद होते. पाचव्या दिवशी ते पुन्हा संगणकापुढे बसलेले दिसले. तिकाटण्यावरच्या त्या कंटाळवाण्या, हलत नसलेल्या चित्रात चाल बदलण्याची एक जागा त्यांनी शोधून काढली आणि एक मिनिट दहा सेकंद तिला हातच लावला नाही. काठी आपटते, पहिल्या तिघांचे पाऊल बदलते, मग मधल्या बाया, मग म्हातारी, मग शेवटची पोर धडपडते, सावरते. पोरीच्या आजीचा चेहरा त्यात पुरता अर्धा फेर दिसतो. बाकीच्या वेळात त्या पोराने आपली सगळी हौस भागवून घेतली. फक्त पावले त्या-त्या चालीचीच ठेवली, आणि ती ठेवताना प्रत्येक वेळी तिला विचारले.

स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. ‘मधला भाग किंचित रेंगाळतो’ असा शेरा आला. किनाऱ्याकडचा मुलगा म्हणाला, “सर, रेंगाळतो म्हणजे दिसतो!” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

दिवाळी होऊन गेल्यावर तिघे चित्रफीत दाखवायला पाड्यावर गेले. तोवर कापणी उरकली होती आणि कुटुंबे वीटभट्ट्यांवर जायला निघाली होती. भिवंडीकडे, वसईकडे, पावसाळा येईपर्यंत. साखळीतली निम्मी माणसे आधीच गेलेली. उरलेल्यांनी अंगणात भिंतीला धोतर लावून ती तीन मिनिटे पाहिली. सावकाश पडणाऱ्या धुळीचे कुणालाच कौतुक वाटले नाही. एक मिनिट दहा सेकंदांचा तो भाग मात्र सहा वेळा लावायला लावला, आणि दर वेळी माणसांची नावे घेतली गेली. मग मुलीच्या मामाने विचारले, बाकीचे कुठे आहे? नाच तर बराच वेळ चालला होता. खानदेशच्या पोराने, न कापलेली, सगळी चाळीस मिनिटे त्याच्या मोबाइलवर उतरवून दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीच्या टेंपोत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे चढली, तेव्हा मामा मोबाइलची बॅटरी पुरती भरली आहे ना, ते दोनदा पाहत होता.